श्वासात न सापडणारी नशा

३१ डिसेंबरची रात्र आली की मुंबई-पुण्यापासून नाशिक-नागपूरपर्यंत चौकाचौकांत नाकाबंदी लागते. वाहतूक पोलीस चालकाला यंत्रात फुंकर मारायला लावतात, आकडा पाहतात आणि पुढची कारवाई ठरते. या यंत्राने मद्यपी चालकांना काही प्रमाणात वचक बसवला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु दारूचा थेंबही न घेता, गांजा ओढून किंवा गुंगीच्या गोळ्या घेऊन जो गाडी चालवतो, त्याच्यासमोर हे यंत्र मुके होते. आकडा शून्य येतो आणि गाडी पुढे निघते.

उणीव केवळ यंत्राची नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ मध्ये मद्याची मर्यादा स्पष्ट आहे : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. अमली पदार्थांसाठी मात्र असा आकडा नाही. चालक वाहनावर योग्य नियंत्रण ठेवण्यास असमर्थ होता, हे पोलिसांनी सिद्ध करावयाचे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड १० हजार रुपयांपर्यंत नेला आणि अमली पदार्थांची व्याख्या व्यापक केली. तपासणीची वाट मात्र अरुंदच राहिली. कलम २०४ नुसार ठाण्यात रक्ताचा नमुना मागायचा, तर श्वासचाचणीत मद्य आढळलेले असावे किंवा चालकाने ती चाचणी टाळलेली असावी. अमली पदार्थाचा संशयित या दोन्हींत बसत नाही. अटकेतील व्यक्तीच्या वैद्यकीय तपासणीचा सर्वसाधारण अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ ने दिला आहे; परंतु मोटार वाहन कायद्याचे कलम २०२ म्हणते की, अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर संशयिताला सोडून द्यावे लागेल. मध्यरात्री, महामार्गावर, दोन तासांत डॉक्टर आणायचा कोठून?

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. संशय म्हणजे पुरावा नव्हे. जागरणाने डोळे लाल होतात, रक्तातील साखर उतरलेला मधुमेही अडखळत बोलतो, सर्दीच्या साध्या गोळीनेही गुंगी येते. शिवाय गांजाचे अंश लघवीत कित्येक दिवस सापडतात; त्यावरून त्या क्षणी चालक नशेत होता, असे ठरत नाही. निरपराध्याला कोठडी आणि अपराध्याला मोकळीक, हे दोन्ही अन्याय टाळायचे, तर चालकाचा तोल, बोलणे, डोळ्यांच्या बाहुल्या यांची जागीच शिस्तशीर नोंद आणि वेळेत घेतलेला नमुना, दोन्ही हवेत. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९७० च्या दशकातच अशा निरीक्षणाची पद्धत बसवण्यास सुरुवात केली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २००४ पासून रस्त्यावरच लाळेची चाचणी होते. ब्रिटनने २०१५ मध्ये ठरावीक अमली पदार्थांच्या व काही औषधांच्या रक्तातील मर्यादा कायद्याने निश्चित केल्या.

अर्थात नमुना घेऊन भागत नाही, तो जपावाही लागतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्यानंतर ससून रुग्णालयात रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. ते प्रकरण मद्याचे होते; पण एका बाटलीवर सारा खटला उभा असताना ती बाटली कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न अमली पदार्थांच्या बाबतीतही तेवढाच जिव्हाळ्याचा आहे.

म्हणून अमली पदार्थांच्या मर्यादा कायद्यात याव्यात, कलम २०४ मधील त्रुटी दूर व्हावी, नाकाबंदीच्या पथकाला लाळचाचणीचे साहित्य व रात्रपाळीचा डॉक्टर मिळावा आणि नमुन्याच्या प्रत्येक हस्तांतराची नोंद व्हावी. हे सरकारचे काम आहे. घराघरांतील जबाबदारी मात्र सरकारवर ढकलता येणार नाही. मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणाऱ्या पालकाने त्याची संगत आणि त्याची अवस्था पाहिली पाहिजे. तो पकडला गेलाच, तर ओळखीच्या पुढाऱ्याला दूरध्वनी करण्याचा मोह आवरला पाहिजे. त्या रात्री सुटलेला मुलगा उद्या कोणाच्या अंगावर गाडी घालील, हे सुज्ञांस सांगणे न लगे.