सत्कार कीं अधिकार?

मार्च महिना उजाडला कीं आमच्या नाशिक शहरांत सत्कारांचा हंगाम सुरू होतो. शाळा, महाविद्यालयें, पतपेढ्या, वाचनालयें, सर्वत्र एकेक "कर्तृत्ववान् महिला" शोधून आणिली जाते. तिला शाल, श्रीफळ व गुलाबाचें रोप मिळतें. तिच्या अंगीं दुर्गेचें तेज असल्याचें एखादे वजनदार गृहस्थ सांगतात. आणि समारंभ आटोपल्यावर संस्थेचें कार्यकारी मंडळ पुनः आपल्या नेहमींच्या खोलींत जाऊन बसतें. त्या खोलींत बहुधा एकही स्त्री नसते. असलीच तर ती सभेचें इतिवृत्त लिहीत असते. आम्हीं स्वतः अशा समारंभांत अध्यक्षीय भाषणें केलीं आहेत, आणि त्यांस टाळ्याही मिळाल्या आहेत. तेव्हां पुढें जें कटु लिहावयाचें आहे त्यांतील पहिला वांटा आम्ही आमच्याच पदरीं घेतों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. निरनिराळ्या व्यवसायांत स्त्रियांनीं अग्रभागीं यावें याला उघड विरोध करणारा सुशिक्षित मनुष्य आज विरळा. पण विरोध नाहींसा झाला नाहीं. त्यानें वेष पालटला आहे. 'पहिली स्त्री' म्हणून एकीचा गौरव करावयाचा, तिचें छायाचित्र भिंतीवर लावावयाचें, आणि प्रश्न सुटला असें समजून दुसरीची वाट अडवून ठेवावयाची, ही आमची सांप्रतची रीत आहे. पहिली स्त्री हा अपवाद असूं शकतो. दुसरी, तिसरी व दहावी आली म्हणजे रूढि बनते. आम्हांस अपवादाचें कौतुक पुष्कळ आणि रूढीचें भय फार.

प्रथम घरचेंच उदाहरण घेऊं. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजीं याच नाशकांत झाला. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर त्या ह्याच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून त्या पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाल्या. परंतु त्या यशामुळें विलायतेंतील शिक्षणाकरितां जी सरकारी शिष्यवृत्ति मिळावयाची, ती केवळ स्त्री म्हणून त्यांस नाकारण्यांत आली. त्यांनीं अहमदाबादच्या गुजरात कॉलेजांत शिकविण्याचें काम पत्करलें, पुढें हितचिंतकांच्या साहाय्यानें ऑक्सफर्ड गांठलें, आणि १८९२ सालीं बी. सी. एल. ही कायद्याची परीक्षा देणाऱ्या त्या तेथील पहिल्या स्त्री ठरल्या. पदवी मात्र हातीं पडली १९२२ सालीं, म्हणजे तीस वर्षांनीं! मधल्या काळांत, १९०४ पासून, बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे पडदानशीन स्त्रियांच्या मिळकतींबाबत सल्ला देण्याचें काम त्यांनीं केलें. हिंदुस्थानांत वकिलीचा दरवाजा स्त्रियांकरितां कायद्यानें उघडला तो १९२३ सालीं; त्या वेळीं बाईंचें वय सत्तावन्नाच्या घरांत होतें. ज्या वयांत पुरुष वकील निवृत्तीचे बेत करितात त्या वयांत त्यांनीं सनद घेतली. राजकारणांतील त्यांचीं मतें, विशेषतः गांधीजींच्या चळवळीस त्यांनीं केलेला विरोध, आम्हांस मान्य नाहीं; पण त्याचा येथें संबंध नाहीं. प्रश्न इतकाच कीं, १८९२ आणि १९२३ यांच्या दरम्यान त्यांच्या योग्यतेंत कोणती उणीव होती? कोणतीही नव्हती. उणीव होती ती दार उघडणाऱ्यांच्या इच्छेंत.

"हें सर्व इंग्रजी राज्यांतलें; आतां तसें कांहीं राहिलें नाहीं," असें कोणी म्हणेल. तर मग स्वराज्यांतील कांहीं तारखा पाहूं. मुंबईचें उच्च न्यायालय १८६२ सालचें. त्याच्या मुख्य न्यायाधीशपदीं पहिली स्त्री, न्यायमूर्ति सुजाता मनोहर, १९९४ सालीं आल्या. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजीं अस्तित्वांत आलें. त्याच्या पोलीस महासंचालकपदीं पहिली स्त्री, रश्मि शुक्ला, जानेवारी २०२४ मध्यें, आणि मुख्य सचिवपदीं पहिली स्त्री, सुजाता सौनिक, त्याच वर्षाच्या जूनअखेर. दोन्हीं पदांस चौसष्ट वर्षें लागलीं. मुख्यमंत्रिपदाची गोष्ट तर काढावयासच नको. राज्याच्या पहिल्या साठ वर्षांत त्या आसनावर एकदांही स्त्री बसली नाहीं. ज्या प्रांतांत सावित्रीबाई फुल्यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा चालविली, त्या प्रांताची ही प्रगति!

आणि हा दोष केवळ सरकारी कचेऱ्यांचा, असें समजून आम्हां साहित्यिकांनीं निश्चिंत राहूं नये. साहित्य संमेलनाची परंपरा १८७८ पासूनची. २०२५ सालच्या दिल्ली येथील संमेलनापर्यंत अठ्ठ्याण्णव संमेलनें झालीं. त्यांत स्त्री अध्यक्षा सहा: कुसुमावती देशपांडे, दुर्गाबाई भागवत, शांताबाई शेळके, विजयाबाई राजाध्यक्ष, अरुणाताई ढेरे व ताराबाई भवाळकर. पहिलीचा मान १९६१ सालचा, दुसरीचा १९७५ चा, आणि तिसरीसाठीं १९९६ साल उजाडावें लागलें. आमच्या नाशकांत १९४२, २००५ व २०२१ अशीं तीन संमेलनें भरलीं. तिन्हींचे अध्यक्ष पुरुष. ते तिघेही थोर होते यांत शंका नाहीं. पण कथा, कविता, संशोधन या तिन्ही प्रांतांत स्त्रियांचें लेखन नसतें तर आमच्या नियतकालिकांचीं निम्मीं पानें कोरीं राहिलीं असतीं, हें संपादकांस विचारून पाहावें.

आतां प्रतिपक्षाचे आक्षेप. पहिला असा कीं, "पद योग्यतेनें मिळावें, लिंगभेदानें नव्हे." हें वाक्य ऐकावयास फार गोड आहे, आणि आम्हींही तें एके काळीं मोठ्या आवाजांत म्हटलें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका महाविद्यालयांत उपप्राचार्याची निवड व्हावयाची होती. निवड समितींत आम्ही होतों. उमेदवार दोन: एक गृहस्थ व एक बाई. बाई सेवेनें ज्येष्ठ, त्यांचें लेखन अधिक, परीक्षांचें किचकट काम त्या वर्षानुवर्षें सांभाळीत आलेल्या. मुलाखतींत त्यांस विचारलें गेलें, "संध्याकाळीं उशीरपर्यंत थांबावें लागेल, घरचें कसें जमवाल?" त्या गृहस्थांनाही घर होतें, लहान मुलें होतीं, अंथरुणास खिळलेली आई होती, त्यांस हा प्रश्न कोणी विचारला नाहीं. तो प्रश्न आमच्या तोंडून आला नव्हता, पण तो येतांच आम्ही खालीं मान घालून कागद चाळीत बसलों. गृहस्थांची निवड झाली, बाईंस "पुढील खेपेस नक्की" असें सांगण्यांत आलें, आणि आमच्या अहवालांत "केवळ गुणवत्तेवर" हे शब्द पडले. खालीं आमची सही आहे. पुढील खेप येण्यापूर्वींच बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभांत त्यांच्या सोशिकपणाची स्तुति करणारें भाषण आम्हींच केलें. तेव्हांपासून 'केवळ गुणवत्ता' हे शब्द कोणी उच्चारले कीं आम्ही आधीं विचारतों: दोघांस प्रश्न तेच विचारले होते काय?

दुसरा आक्षेप ग्रामपंचायतींकडे बोट दाखवून घेतला जातो. १९९२ च्या घटनादुरुस्तीनें स्थानिक स्वराज्यसंस्थांत स्त्रियांस एकतृतीयांश जागा राखून ठेविल्या, महाराष्ट्रानें २०११ सालीं हें प्रमाण निम्म्यावर नेलें, "पण कारभार पाहतो नवराच, 'सरपंचपति'! बाई नुसती सहीची धनीण." ही तक्रार खोटी नाहीं. मात्र तिच्यावरून काढलेलें अनुमान खोटें आहे. रमाबाई रानडे यांनीं पहिल्यांदा सार्वजनिक समारंभांत बोलण्याचा प्रसंग आला तो नाशकांत, न्यायमूर्ति येथें नोकरीस असतांना. आणि तें भाषण लिहून दिलें होतें माधवरावांनीं. त्या दिवशीं एखाद्या टीकाकारानें "बाई नवऱ्याचें लिहिलेलें वाचते" म्हणून शेरा मारला असता, तर तो खराच ठरला असता. त्याच रमाबाईंनीं १९०१ सालीं वैधव्य आल्यावर पुढें १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनाचा संसार उभा केला, आणि तेथून शिक्षिका व परिचारिका तयार होऊन बाहेर पडूं लागल्या. भेद इतकाच कीं, माधवरावांनीं भाषण लिहून दिलें तें बाईंना उद्यां स्वतः बोलतां यावें म्हणून; सरपंचपति कागद हातीं घेतो तो बायकोस कधींच वाचतां येऊं नये म्हणून. दोष राखीव जागेचा नव्हे, कागद न सोडणाऱ्या हाताचा आहे.

या बाबतींत पुरावाही उपलब्ध आहे. पश्चिम बंगाल व राजस्थान येथील पंचायतींचा अभ्यास राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्थर डुफ्लो यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केला. तेथें सरपंचपद कोणत्या गांवीं राखीव व्हावें हें पाळीपाळीनें ठरत असल्यामुळें तुलना निर्दोष झाली. निष्कर्ष असा कीं, स्त्री प्रमुख असलेल्या गांवांत पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झाला. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत उन्हाळ्यांत हंडा कोणाच्या डोक्यावर असतो हें ज्यास ठाऊक आहे त्यास याचें नवल वाटणार नाहीं. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या बंगालच्या दुसऱ्या अभ्यासानें आमच्या मूळ मुद्द्यासच बळकटी दिली. जेथें लागोपाठ दोन निवडणुकांत पद स्त्रीकरितां राखीव होतें, तेथें पुढें आरक्षण उठल्यावरही अधिक स्त्रिया उभ्या राहिल्या व निवडून आल्या. लोकांचा पूर्वग्रह एकीनें सहसा मोडत नाहीं. तो मोडण्यास दुसरी यावी लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत साळसूद: "स्त्रियांनाच अधिकार नको असतो." असें म्हणणाऱ्यांनीं नोव्हेंबर १९८६ मध्यें आमच्याच जिल्ह्यांतील चांदवडास भरलेलें शेतकरी महिलांचें अधिवेशन आठवावें. शरद जोशींच्या हांकेस ओ देऊन खेड्यापाड्यांतून आलेल्या त्या बायका सत्कार घेण्यास आल्या नव्हत्या. पंचायत राज्याच्या निवडणुका स्त्रियांनीं लढवाव्यात हा विचार तेथें पुढें आला, आणि त्याच चळवळींतून पुढें 'लक्ष्मीमुक्ति' निघाली, म्हणजे बायकोच्या नांवें जमिनीचा तुकडा प्रत्यक्ष करून देणें. सातबाऱ्यावर नांव चढल्यावांचून सन्मान हा वाऱ्यावरचा शब्द आहे, हें त्या चळवळीनें ओळखलें होतें. १९५९ सालीं गिरगांवांतील सात स्त्रियांनीं ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. त्या लिज्जत संस्थेच्या सभासद आजही केवळ स्त्रियाच असतात व कारभारही त्याच पाहतात. म्हसवडच्या दुष्काळी मुलखांत माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ सालीं उभी राहिली. संस्थापक स्त्रिया निरक्षर म्हणून पहिला अर्ज फेटाळला गेला, तेव्हां व्याजाचे हिशेब तोंडीं करून दाखविण्याची तयारी त्यांनीं दाखविली व परवाना मिळविला, असें चेतना सिन्हा सांगतात. अधिकार ज्यांस नको असतो ते असा हट्ट धरीत नाहींत.

कायद्यानें काय होतें आणि काय होत नाहीं तेंही पाहावें. २०१३ च्या कंपनी कायद्यानें शेअरबाजारांत नोंदलेल्या कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असणें सक्तीचें केलें. पुष्कळ ठिकाणीं मालकाच्या घरांतलीच पत्नी वा कन्या त्या खुर्चीवर आणून बसविण्यांत आली, आणि 'किमान एक' याचा अर्थ व्यवहारांत 'कमाल एक' असा झाला. कायदा दार उघडतो. आंत किती जणींस येऊं द्यावयाचें हें घरच्या माणसांची वृत्ति ठरविते. उलट जेथें वृत्ति पालटली तेथें दुसरी येते. १९९८ सालीं नाशकांत स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरुपदीं डॉ. मृदुला फडके होऊन गेल्या होत्या. २०२१ सालीं त्याच पदावर लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर आल्या. विद्यापीठ कोसळलें नाहीं, परीक्षा थांबल्या नाहींत. जें एका विद्यापीठास साधलें तें शहरांतील इतर संस्थांस कां साधूं नये?

तेव्हां आमची मागणी फार मोठी नाहीं. प्रत्येक संस्थेनें आपल्या वार्षिक अहवालांत सत्कारमूर्तींच्या यादीखालीं आणखी एक ओळ छापावी: निर्णय घेणाऱ्या मंडळांत एकंदर सभासद किती व त्यांत स्त्रिया किती. निवडसमितीनें सर्व उमेदवारांस तेच प्रश्न विचारावेत आणि ते इतिवृत्तांत नोंदवावेत. इतिवृत्त लिहिण्याचें काम पाळीपाळीनें पुरुषांनींही करावें. हस्ताक्षर बिघडेल, पण कान उघडतील. आणि आमच्यासारख्यांनीं येत्या मार्चमध्यें अध्यक्षपदाचें निमंत्रण आलें तर आधीं ती संख्या विचारावी, व उत्तर शून्य आल्यास नम्रपणें नकार कळवावा.

आम्हीं तसें ठरविलें आहे. यंदा एक निमंत्रण आलें. आम्हीं संख्या विचारली. उत्तर अजून आलेलें नाहीं.