ग्रेसचे वीस मार्क

दिवाळीत घरोघरी फराळाची जितकी गडबड, तितकीच फोनची. पुण्याहून थोरल्याचा, नागपूरहून मेव्हण्यांचा, कॅलिफोर्नियाहून धाकटीचा. भाऊबीजेची ओवाळणीसुद्धा आता पुष्कळ घरी फोनच्या पडद्यासमोर तबक फिरवून होते. पण गंमत अशी की, यांतल्या कुठल्याही फोनचे पहिले वाक्य ‘दिवाळीच्या शुभेच्छा’ हे नसते. ते असते, ‘ऐकू येतंय का?’ आपल्या सदराचा शिरस्ताच आहे की घरातल्या नित्याच्या वस्तूच्या पोटात शिरून पाहायचे. या खेपेला या तीन शब्दांच्या पोटात शिरू.

हे तीन शब्द सोडवण्यासाठी जिनिव्हाला जगभरची शहाणी माणसे गोळा होतात, असे सांगितले तर आमच्या शेजारच्या काकू पदराआड हसतील. पण तसे आहे खरे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ही संस्था १८६५ साली पॅरिसमध्ये वीस देशांनी मिळून काढली, ती तारायंत्रासाठी. म्हणजे बेलसाहेबांना टेलिफोनचा हक्क मिळण्याच्या अकरा वर्षे आधी! आज ती संयुक्त राष्ट्रसंघाच्या गोतावळ्यात आहे आणि तिचे बिऱ्हाड जिनिव्हात आहे. तिच्या अभ्यासगटांपैकी बारावा गट एवढाच विचार करतो की, फोन करणाऱ्याला आणि घेणाऱ्याला नीट ऐकू आले का, वेळेवर आले का, आणि त्याचे समाधान झाले का. या संघाचे नियम म्हणजे नुसत्या शिफारशी असतात. एखाद्या देशाने त्या आपल्या कायद्यात घेतल्या, तरच त्या बंधनकारक. २०२४ च्या ऑक्टोबरात या संघाची मानके ठरवणारी जागतिक सभा नवी दिल्लीत भरली होती.

आता, आवाज चांगला की वाईट हे ठरवायचे कसे? तारेचे दाब, कंपने, गोंगाट, सगळे यंत्राने मोजता येते. पण ‘बरे वाटले’ हे कुठल्या मापात मोजणार? या मंडळींनी शेवटी जे केले ते मला फार आवडते. त्यांनी माणसालाच परीक्षक केले. १९९६ सालच्या ‘पी.८००’ या शिफारशीत ती पद्धत लिहिली आहे. शांत खोलीत माणसाला बसवायचे, फोनमधून छोटी, सोपी, एकमेकांशी संबंध नसलेली वाक्ये ऐकवायची, आणि पाचापैकी गुण मागायचे. पाच म्हणजे उत्तम, चार चांगला, तीन बरा, दोन सुमार आणि एक वाईट. सर्वांच्या गुणांची सरासरी काढली की त्या फोनचा निकाल लागला.

यातली मेख परीक्षकाच्या निवडीत आहे. आपल्याकडे परीक्षक नेमताना पहिला प्रश्न असतो, अनुभव किती वर्षांचा? इथे उलटा कारभार. ज्याने टेलिफोनच्या दर्जाचे काम केले आहे तो बाद. गेल्या सहा महिन्यांत अशा कुठल्याही चाचणीला बसलेला बाद. ऐकण्याच्या चाचणीला वर्षभरात बसलेला बाद. ती वाक्ये पूर्वी ऐकलेली असली तर तोही बाद! हवा फक्त साधासुधा, न सरावलेला कान. पुढे २००१ आणि २०११ साली संगणकाला हे गुण द्यायला शिकवणाऱ्या शिफारशी आल्या. पण संगणकानेही माणसाने किती गुण दिले असते याचाच अंदाज करायचा. २०१६ मध्ये तर वापरणाऱ्याच्या अनुभवाची व्याख्याच अशी स्वीकारली गेली की, सेवेपासून माणसाला किती आनंद झाला किंवा किती त्रागा झाला, त्याचे प्रमाण म्हणजे अनुभवाचा दर्जा. त्रागा हा शब्द आंतरराष्ट्रीय मानकात बसला, ही काही लहान गोष्ट नव्हे. आमच्या घरातला निम्मा त्रागा तरी अधिकृत झाला.

कानाला काय खुपते याचे दोन मासले सांगतो. जुन्या टेलिफोनच्या तारेतून सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपनांचाच आवाज जात असे. माणूस ओळखू येण्यास तेवढा पुरतो. पण आपल्या ‘स’ ची सळसळ बहुतेक त्याच्या वरच्या पट्ट्यात असते. परिणाम काय? ‘साठ’ म्हटले तर पलीकडे ‘आठ’ ऐकू येते. कापसाचा भाव फोनवर विचारणाऱ्या शेतकऱ्याला आणि औषधाची गोळी किती तासांनी द्यायची हे विचारणाऱ्या आईला हा फरक केवढा महाग पडेल, याची कल्पना करा. नव्या फोनवर ५० ते ७००० कंपनांचा पट्टा मिळू शकतो. म्हणून चांगला लागला की आवाज समोर बसल्यासारखा येतो.

दुसरा मासला उशिराचा. आपला शब्द पलीकडे पोचायला सेकंदाच्या हजार भागांपैकी दीडशे भाग लागले तर बहुतेकांना काही जाणवत नाही. चारशेच्या पुढे जाऊ नये, असे संघाचे नियोजकांना सांगणे आहे. पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहावरून बोलणे गेले, तर नुसत्या जाण्यायेण्यातच पाव सेकंद जातो. मग दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात, पुन्हा एकदम ‘हं, बोल’ म्हणतात. दोष तारांगणाचा असतो आणि आपल्याला वाटते की जावई तुसडा आहे!

इथपर्यंत सारे ठीक. पण दर वेळी माणसे खोलीत बसवून फोनचे जाळे आखणे शक्य नाही. म्हणून संघाने १९९८ साली ‘जी.१०७’ नावाची शिफारस प्रसिद्ध केली. जाळे आखणाऱ्या इंजिनियरांसाठी हे एक गणित आहे. गोंगाटाचे इतके वजा, उशिराचे इतके, आवाज दाबून पाठवल्यामुळे इतके, असे करत शंभरपैकी गुण काढायचे. ऐंशीच्या वर असले तर ग्राहक समाधानी. साठ ते सत्तरमध्ये पुष्कळजण नाराज. साठाच्या खाली जवळजवळ सगळेच नाराज. पन्नासाच्या खाली तर जाऊच नका. आणि या सगळ्या वजाबाक्या झाल्यावर शेवटी एक बेरीज येते. तिला म्हणतात सोयीचा गुण. सोप्या मराठीत ग्रेस मार्क.

हे ग्रेस कशाचे? तर फोन हाती आला याच्याच आनंदापोटी माणूस थोडा खराब आवाज चालवून घेतो, त्याचे. घरातल्या तारेच्या फोनला शून्य. इमारतीत फिरता येणाऱ्या मोबाइलला पाच. गावभर किंवा गाडीतून फिरताना दहा. आणि दुर्गम ठिकाणी, जिथे दुसरा मार्गच नाही, तिथे वीस. आता हिशेब पाहा. ज्या आवाजाला पासष्ट मिळतात, म्हणजे ज्यावर पुष्कळजण नाराज असायचे, तोच आवाज दुर्गम गावी नेला की पंच्याऐंशी! ग्राहक समाधानी. तार तीच, खरखर तीच, तुटणे तेच.

शिफारस लिहिणाऱ्यांवर अन्याय नको. हे आकडे तात्पुरते आहेत, वीस ही वरची मर्यादा आहे आणि ती वापरायची की नाही ते आखणाऱ्याने ठरवावे, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. आणि त्यात माणसाच्या स्वभावाची ओळखही आहे. गावात पहिला पिवळा पीसीओ आला तेव्हा रांगेत तासभर उभे राहून, एक कान बोटाने दाबून, ओरडून बोललेली माणसे अजून आपल्यात आहेत. तेव्हा कुणी खरखरीची तक्रार केली? पण शाळेतले ग्रेस एका वर्षाचे असतात. पुढच्या वर्षी मुलाला पुन्हा परीक्षेला बसावे लागते. या तक्त्यात मात्र सवलत किती वर्षे द्यायची, याचा रकानाच नाही.

दुर्गम म्हणजे कुठे, असे कुणी विचारले तर मी नकाशावर बोट ठेवीन ते इस्लापूरवर. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या सहस्रकुंड धबधब्याजवळचे हे गाव. भोवती डोंगर आणि जंगल, नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा आणि दुसऱ्या अंगाला आदिलाबाद, म्हणजे आजचा तेलंगण. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा दिल्लीच्या कायद्यात इस्लापूर मंडळाचा नावानिशी उल्लेख झाला. आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातून काढून ते मुंबई राज्यात घातले गेले. कायद्याला नावाने ठाऊक असलेले गाव! पण टेलिफोनच्या हिशेबात ते कुठे दिसते?

पावसाळ्यात सहस्रकुंड पाहायला शहरातली मंडळी येतात. फोटो काढतात आणि तो क्षणात पुण्याला गेला नाही तर वैतागतात. ते पाचापैकी एकच गुण देतील. आणि त्या परिसरातली एखादी आई शिकायला शहरात गेलेल्या मुलीशी बोलताना म्हणेल, ‘आवाज तुटायलाय माय, थांब, मी गच्चीवर जाते,’ आणि गच्चीवरून चार वाक्ये नीट झाली की तिचे समाधान होईल. ती चार गुण देईल. जागा एक, टॉवर एक. पाहुणा ग्रेस देत नाही, कारण त्याच्याकडे दुसरा मापदंड आहे. त्या आईने का द्यावेत? गच्चीचा जिना चढण्याचा त्रास गणितात कुठेच वजा होत नाही. २०२० साली टाळेबंदीत शाळा फोनवर आल्या तेव्हा टेकडीवर, झाडाखाली वह्या घेऊन बसलेली मुले साऱ्या महाराष्ट्राने वर्तमानपत्रांत पाहिली. त्यांचे कौतुक पुष्कळ झाले. मला ते कौतुक थोडे खटकले होते.

ग्रेसच्या जोडीला दुसरी एक गोम आहे, ती सरासरीची. आपल्या देशात दर्जावर लक्ष ठेवायला १९९७ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, आहे. बोलता बोलता फोन तुटण्याचे प्रमाण शंभरात दोनपेक्षा जास्त नसावे, हा तिचा जुना दंडक. पण हे शंभर फोन कुठले? तर साऱ्या परवाना क्षेत्राचे. आपले महाराष्ट्र क्षेत्र म्हणजे मुंबई महानगर सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा! पुणे, नाशिक, नागपूर, पणजी आणि इस्लापूर एकाच पातेल्यात. पुण्याचे लाखो फोन व्यवस्थित लागले की डोंगरातले शेपाचशे तुटलेले त्यात कुठल्या कुठे विरघळतात. सरासरी गुडघाभर पाण्याचा हिशेब करून पोराबाळांसह नदीत उतरलेल्या हिशेबनिसाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. पैनगंगेच्या काठी ती वेगळी सांगायला नको.

मधे २०१५ मध्ये ट्रायने एक बहारीचा हुकूम काढला होता. फोन तुटला की कंपनीने ग्राहकाला एक रुपया द्यावा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी महिन्याला नव्वद रुपयांचे अंदाजपत्रकही केले. परंतु मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला आणि अंदाजपत्रक बारगळले.

खरी सुधारणा २०१७ साली झाली, ती मात्र फारशी गाजली नाही. ट्रायने निव्वळ सरासरी सोडली. टॉवरवरून ज्या निरनिराळ्या दिशांना सेवा जाते, त्या प्रत्येक घटकाचा हिशेब वेगळा धरला. नव्वद टक्के दिवशी नव्वद टक्के घटकांत तुटण्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत हवे; आणि दुसरी कसोटी अशी की, नव्वद टक्के घटकांत सत्त्याण्णव टक्के दिवस ते तीन टक्क्यांच्या आत हवे. गाळणी बरीच बारीक झाली. पण शंभरातले दहा घटक अजूनही तिच्यातून खाली पडू शकतात, आणि ते दहा भर शहरातले असतील की डोंगरातले, हे तर्काने ओळखायला ज्योतिषी नको.

ऑगस्ट २०२४ मध्ये नवे नियम आले आणि ऑक्टोबरपासून लागू झाले. त्यांत इस्लापूरसारख्या गावांच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक, कुठे कुठली सेवा मिळते याचे नकाशे कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर लावायचे. दुसरी, एखाद्या जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून जास्त बंद पडली तर ग्राहकाला भाड्यात किंवा मुदतीत भरपाई द्यायची. सरकारनेही जुलै २०२२ मध्ये फोर-जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली होती. टॉवर उभा राहिला की वीस मार्कांची सबब सांगायला जागा राहू नये. पण त्यासाठी तिथल्या माणसाने पाचापैकी किती गुण दिले, ते कुणीतरी लिहून घ्यायला हवे.

लिहून घेण्याची एक वाट आपल्या हाती आहे, ती सांगून ठेवतो. सुटीला गावी गेलात आणि घरच्यांचा फोन सारखा तुटत असेल, तर कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करून तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. निवारण झाले नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. अपील फुकट आहे आणि त्याचा निकाल एकोणचाळीस दिवसांत लागला पाहिजे. मात्र तक्रारीत ‘रेंज नाही’ एवढेच लिहू नका. गाव, वाडी, घराची बाजू, तारीख आणि वेळ घाला. आणि बोलण्यासाठी गच्चीवर जावे लागत असेल तर तेही लिहा.