पुण्याला निघालात? आधी सातबारा बघा

दिवाळी आटोपली की आपल्या भागात दोन गोष्टी एकदम दिसू लागतात. वावरात हरभऱ्याची पेरणी, आणि रस्त्यावर पुण्याच्या ट्रॅव्हल्स. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, कुठल्याही फाट्यावर संध्याकाळी उभे राहून बघा. गाठोडी, गॅसची शेगडी, पोत्यात बांधलेली भांडी आणि कडेवर झोपलेलं लेकरू. ही माणसं सकाळी वाघोलीला उतरतात आणि तिथून चाकण, रांजणगाव, पिंपरी-चिंचवडकडे पांगतात. पूर्वी घरातला एकटा पोरगा जायचा आणि मृगाच्या आत परत यायचा. आता जोडपं जातं, चूल उचलून जातं.

२०२५ च्या दिवाळीनंतर हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचं दाखवायला एका गावी गेले होते. काम झाल्यावर एका घरी चहाला थांबले. घरातला धाकटा मुलगा आणि सून निघायच्या तयारीत. मुलगी दुसरीत आहे. मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "मॅडम, तुमी तं म्हणसान का जाऊ नका. पन हिशोब करून पाहा."

हिशोब मी केला. वडिलांच्या नावावर नऊ एकर, तीन भाऊ, म्हणजे तोंडी वाटणीने याच्याकडे तीन एकर. सगळं कोरडवाहू. त्या वर्षीच्या पावसात सोयाबीन कितीतरी दिवस पाण्यात उभं होतं. उतारा एकरी चार क्विंटल, म्हणजे एकूण बारा. सरकारचा हमीभाव २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये, पण याचा माल भिजलेला, घाई पैशाची, म्हणून व्यापाऱ्याला चार हजाराच्या भावाने दिला. आले ४८ हजार. बियाणं, खत, फवारणी, सोंगणी, मळणी यंत्र धरून खर्च ४० हजाराच्या वर. उरले सात-आठ हजार, आणि नवरा-बायकोची मजुरी यात धरलेलीच नाही. तिकडे चाकणला मावसभाऊ ठेकेदाराकडे महिन्याला सोळा हजार उचलतो.

मी "जाऊ नका" म्हटलं नाही. कृषी खात्याच्या माणसाने असं लिहिलेलं काहींना आवडणार नाही. पण तीन एकर कोरडवाहूवर दोन माणसं आणि एका लेकराचं शिक्षण निघेल असं मी कोणत्या तोंडाने सांगू? आंतरपीक घ्या, घरचं बियाणं वापरा, रुंद वरंबा सरी करा, हे मी दर खरिपात सांगते आणि त्याने फरकही पडतो. पण एवढा नाही पडत.

जाणाऱ्याला नावं ठेवणारेही गावात पुष्कळ आहेत. याच लोकांच्या घरी सोयरीक आली की पहिला प्रश्न असतो, मुलगा नोकरीला आहे का? शेतकऱ्याला मुलगी द्यायची नाही आणि तो शहरात गेला की म्हणायचं, मातीशी बेइमान झाला. असो.

माझं म्हणणं जाण्याबद्दल नाही, जाण्याच्या तयारीबद्दल आहे. त्या घरात सगळी तयारी झाली होती. खोलीचं डिपॉझिट दिलेलं, तिकीट काढलेलं, लोणचं भरलेलं. मग मी विचारलं, वावराचं काय? तो म्हणाला, "मोठा भाऊ पाहीन नं. वावर काई पळून जाते काय?"

शेतकरी बंधू-भगिनींनो, वावर पळून जात नाही हे खरं आहे. पण कागद पळतो. आधी ई-पीक पाहणी घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. आपलं पीक आपणच मोबाईलवर नोंदवायचं, आणि फोटो वावरात उभं राहूनच काढायचा. चाकणच्या खोलीत बसून तो निघत नाही. नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही. पीक दिसलं नाही तर हमीभाव केंद्रावर माल घेत नाहीत, विम्याच्या वेळी अडचण येते, नुकसान भरपाईच्या यादीत वाद होतो. एका मोबाईलवरून दुसऱ्या खातेदाराचीही नोंद करता येते, तेव्हा हे काम कोण करणार त्या माणसाचं नाव जायच्या आधी ठरवून टाका. "कोणीतरी करेल" म्हटलं की कोणीच करत नाही, हा माझा दर हंगामाचा अनुभव आहे.

तसंच पीक कर्जाचं. वेळेवर फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही. मुदत चुकली की व्याज बसतं आणि पुढच्या खरिपाला सोसायटी दारात उभं करत नाही. मोठा भाऊ वावर करणार, पण कर्ज कोण भरणार? या घरात त्यावर बोलणंच झालेलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. हे सगळं बोलणं चाललं होतं तेव्हा सून चुलीजवळ होती. चहाचा कप माझ्या हातात देताना ती हळूच म्हणाली, "माहं नाव रेशनकार्डावर हाये, मतदार यादीत हाये. वावरात नाई. निंदाले जा, खुरपाले जा, त्याले नाव नाई लागत."

सासू म्हणाली, "आता तुले कायले पाहिजे, तू तं चालली पुन्याले." सून गप्प बसली.

तिला का पाहिजे, ते सांगते. मालेगाव तालुक्यातल्या एका बाईची गोष्ट आहे, गावाचं नाव लिहीत नाही. नवरा-बायको पुण्याकडे कामाला होते. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत नवरा गेला. दोन लेकरं घेऊन ती गावी परत आली. जमीन सासऱ्याच्या नावावर, वाटणी तोंडी. दीर वाईट माणूस होता असं नाही. पण दोन वर्षं वावर त्याने केलं होतं, कर्ज त्याने भरलं होतं, धुऱ्यावर पाइप त्याने टाकला होता. नवऱ्याचा हिस्सा किती आणि कोणता, याचा एक कागद तिच्याकडे नव्हता. पुढची दोन वर्षं ती त्याच वावरात रोजाने गेली. आपल्याच वावरात रोजाने.

म्हणून गाव सोडणाऱ्या प्रत्येक जोडप्याला माझं सांगणं आहे, निघण्याआधी दोन कामं करा. पहिलं, तोंडी वाटणी कागदावर आणा. सगळ्या सहहिस्सेदारांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. बहिणींना विसरू नका. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. आज त्यांना न विचारता केलेली वाटणी उद्या कोर्टात जाते. आणि एक लक्षात घ्या, जमीन वडिलांच्या नावावर राहिली तर मुलाला शेतकरी ओळख क्रमांकही निघत नाही. २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना तो लागतो. म्हणजे चार वर्षांनी परत येऊन ठिबक टाकायचं म्हटलं तरी तो खात्याच्या लेखी शेतकरी नसतो.

दुसरं काम बायकोचं नाव. हिस्सा आपल्या नावावर झाला की त्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. त्यासाठी खरेदीखत करावं लागत नाही, पतीने स्वतः अर्ज करायचा असतो. ही लक्ष्मीमुक्ती योजना. शेतकरी संघटनेने आणि शरद जोशींनी हा विषय गावोगाव नेला आणि १९९२ मध्ये सरकारने तसं परिपत्रक काढलं. आपल्या वऱ्हाडात त्या काळी किती बैठका झाल्या, ते म्हातारी माणसं आजही सांगतात. मग नावं किती लागली? आपापल्या गावचे सातबारे काढून बघा. माझ्याकडे येणाऱ्या अर्जांना जे सातबारे जोडलेले असतात त्यात बाईचं नाव दिसलं तर ती बहुतेक विधवा असते. नवरा गेल्यावर नाव लागतं, असताना लागत नाही.

यावर माणसं दोन शंका काढतात. एक, बायकोचं नाव लावलं तर ती जमीन माहेरी नेईल. जमीन उचलून कोणी नेलेली मी तरी पाहिली नाही. दुसरी शंका, पीएम किसानचा हप्ता बंद होईल का? तो हप्ता पती, पत्नी आणि अज्ञान मुलं अशा कुटुंबाला एकच असतो. दोन नावं असली तरी दोन हप्ते मिळत नाहीत, एवढंच.

वावर भावाऐवजी बाहेरच्याला ठोक्याने किंवा बटईने द्यायचं असेल तर प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे कोणी लिहून देत नाही, कारण कुळाची भीती. विदर्भासाठीचा १९५८ चा कुळ कायदा आजोबांच्या वेळचा, पण धाक अजून तसाच. घरातलाच माणूस वावर करत असेल तर त्याला कूळ धरत नाहीत, तेव्हा भावाभावांत लिहायला भिण्याचं कारण नाही. गट नंबर, किती एकर, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, ठोक्याची रक्कम किती, कर्ज कोण भरणार, विम्याचे पैसे आले तर कोणाचे, हे एका कागदावर दोन साक्षीदारांसह लिहा. बाहेरच्याला द्यायचं असेल तर मात्र वकिलाला मसुदा दाखवूनच. शंभराच्या बचतीसाठी लोक लाखाचं वावर अडकवतात.

गावच्या कारभाऱ्यांनाही थोडं सांगायचं आहे. जोडपं गेल्याचं गावात सगळ्यांना माहीत असतं, फक्त दप्तराला माहीत नसतं. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी (२०२४ पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडी जुनंच नाव आहे) आणि सोसायटीचे सचिव यांनी दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत अर्धा तास या विषयाला द्यावा. कोण चाललंय, वावर कोणाकडे, वाटणी झाली का, एवढं विचारलं तरी पुष्कळ. रेशनचंही तिथेच समजावून सांगावं. एकाच कार्डावरचं धान्य जाणाऱ्याने अंगठा लावून पुण्यात उचलायचं आणि राहणाऱ्यांनी उरलेलं गावात, हे चालतं. तरी कार्ड फोडायला तहसीलच्या चकरा मारणारे मी पाहिले आहेत. शाळेच्या दाखल्याचं तसंच. तो उशिरा मिळाला म्हणून नवीन शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. पण आईबापांना हे सांगतो कोण?

त्या घरी मी पुन्हा गेले, दहा-बारा दिवसांनी. हरभरा उगवून आला होता. म्हाताऱ्याने वाटणीला होकार दिला होता, पण थोरली लेक आल्याशिवाय सही करणार नाही म्हणाला. ते बरोबरच आहे. मधला भाऊ अजून तोंड उघडत नाही. धाकट्याने बायकोच्या नावाचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला, वाटणीचा फेरफार झाला की द्यायचा म्हणून. सासूने तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "अशानं माहंही नाव लागते काय वो?" मी म्हटलं, लागतं, पण अर्ज तुमच्या मालकांनी करायला पाहिजे. म्हातारा तंबाखू मळत होता. तो म्हणाला, पाहू.

ट्रॅव्हल्सचं तिकीट त्यांनी आठ दिवस पुढे ढकललं आहे.