पथ्य सांगतात सगळे, रांधून वाढतं कोण?

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बाईला भेटायला येणारी प्रत्येकजण तिला काय खाऊ नये ते सांगून जाते. आंबट नको, जखम चिघळेल. डाळ नको, वातूळ. अंडं उष्ण, दही थंड. असं एकेक काढता काढता ताटात मऊ भात तेवढा उरतो. आणि तोही बरेचदा तिचा तिनंच चुलीपुढे बसून शिजवलेला असतो.

हा डॉक्टरांचा विषय म्हणून आपण संघटनेच्या बायका गप्प राहतो. मला हे पटत नाही. घरात कुणी काय खायचं आणि कुणी रांधायचं, हा तर आपलाच प्रश्न.

पूर्वी ह्या ऑपरेशनची चीर मोठी असे. टाके पडत, कित्येक दिवस पडून राहावं लागे. डोळ्यावर ताण नको म्हणून मऊ अन्न देत. आता चीर काही मिलिमीटरची असते, बहुधा टाकाही नसतो आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. नेहमीचं जेवण लगेच चालतं. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवायची, दुसऱ्या आजाराचं पथ्य असेल तर ते पाळायचं. पण ऑपरेशन बदललं तरी जुनी पथ्यं तशीच राहिली.

जखम भरायला प्रथिनं लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या प्रमाणानुसार ५५ किलो वजनाच्या बाईला रोज सुमारे ४६ ग्रॅम. एका अंड्यातून ६ ग्रॅमच्या आसपास मिळतात. बाकीची डाळ, उसळ, दूध, मासे यांतून यायची. क जीवनसत्त्व आवळा, लिंबू, पेरूत असतं. नेमकं तेच आपण 'आंबट' म्हणून बंद करतो. पालेभाजी आणि भरपूर पाणीही हवं, कारण शौचाला कुंथणं ताज्या जखमेला बरं नव्हे.

मुळात ही बाई कुठल्या अंगानं ऑपरेशनला येते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या ह्याच बायका पुढे साठीला मोतीबिंदू घेऊन येतात. तेव्हाही त्यांच्या ताटातून आणखी काढूनच घ्यायचं का?

कुणी म्हणेल, पथ्य सांगणाऱ्या मायेनंच सांगतात. खरं आहे. पण 'हे खाऊ नकोस' म्हणायला कष्ट पडत नाहीत. उसळ शिजवून तिच्यापुढे ठेवायला पडतात. पुरुषाचं ऑपरेशन झालं की हे कष्ट करायला बायको असते. बाईचं झालं की सून किंवा लेक असली तर असते. 'घरात रांधायला कुणी नाही' म्हणून ऑपरेशन पुढे ढकलणाऱ्या बायका आपण सगळ्याजणींनी पाहिल्या आहेत. धूर, धूळ टाळा, ओझं उचलू नका, असं डॉक्टर सांगतात. खेड्यातल्या बाईचा सगळा दिवस त्यातच जातो: चूल, सरपण, पाण्याची घागर. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनं पुष्कळ घरांत गॅस पोहोचला, पण सिलिंडर परवडला नाही की चूल पेटतेच.

म्हणून मैत्रिणींनो, शिबिराला बाई नेताना गाडी, चष्मा, थेंब यांच्यासोबत आणखी एक गोष्ट ठरवून घेऊ या: निदान पहिले दोन आठवडे तिच्या घरी रांधणार कोण? नवरा, मुलगा यांनाही समोर बसवून आहाराच्या सूचना द्या, असा आग्रह दवाखान्यात धरू या. एकट्या बाईसाठी मंडळातून पाळीपाळीनं डबा पोचवू या. आणि डब्यात डाळ, भाजी नि लिंबाची फोड हवीच.