शार्लट ल्यूकसचा होकार

१/ ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) म्हटले की एलिझाबेथ आणि डार्सी आठवतात. पण तत्कालीन इंग्लंडमधील विवाहाचे वास्तव जाणायचे, तर एलिझाबेथची मैत्रीण शार्लट ल्यूकस हिच्याकडे पाहावे.

२/ शार्लट २७ वर्षांची. रूप बेताचे, गाठीशी पैसा नाही. एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्स या पाद्र्याला ती तीन दिवसांच्या आत होकार देते. प्रेमाचा लवलेशही नाही. वाचक तिला व्यवहारी म्हणून हिणवतात.

३/ हा निवाडा अन्यायाचा आहे. तिच्या वर्गातील स्त्रीला विद्यापीठ बंद, वकिली बंद. उरे ती गव्हर्नेसची नोकरी, नाहीतर भावांच्या घरचे आश्रित जिणे. शार्लटच्या होकाराने तिच्या भावांना हायसे वाटते, हे ऑस्टिन मुद्दाम नोंदवते.

४/ डिसेंबर १८०२मध्ये स्वतः ऑस्टिनने हॅरिस बिग-विदर या श्रीमंत तरुणाला होकार दिला आणि दुसऱ्याच सकाळी तो मागे घेतला. तेव्हा तिला सत्ताविसावे पूर्ण व्हायला काही दिवसच उरले होते. १८०५मध्ये वडील वारले आणि तिला, आईला व बहिणीला भावांच्या मदतीवर विसंबावे लागले.

५/ नकाराची किंमत लेखिकेला ठाऊक होती. म्हणूनच ती शार्लटला शिक्षा करत नाही. तिला स्वतःचे घर, कोंबड्या आणि नवऱ्यापासून दूर बसण्याची खोली देते. एलिझाबेथचा बाणेदारपणा शोभतो, कारण पुढे वर्षाला १०,००० पौंडांचा धनी डार्सी भेटतो. तो भेटला नसता, तर? इतिहासाच्या अभ्यासकाने शार्लटला दोष देण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा.