गाडी कंपनीची, जबाबदारी कुणाची?

समजा रात्रीचे दोन वाजले आहेत. वस्तीवरच्या एका बाईला कळा सुरू झाल्यात. आशाताईने १०८ क्रमांक लावला, गाडी निघाली असे उत्तरही मिळाले. अर्धा तास जातो, तास जातो. शेवटी शेजाऱ्याची जीप काढून बाईला तालुक्याला न्यावे लागते.

दुसऱ्या दिवशी तिचा सासरा तक्रार घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. डॉक्टर म्हणतात, "आजोबा, ती गाडी आमच्या ताब्यात नाही, कंपनीची आहे." तालुक्याचे साहेब जिल्ह्याकडे बोट दाखवतात, जिल्ह्याचे साहेब मुंबईकडे. गाडीवरचा ड्रायव्हर म्हणतो, "आम्ही ठेक्यावरची माणसं, फोन आला तसे निघालो." म्हातारा चार दारे हिंडून घरी येतो. खोटे कुणीच बोललेले नसते, पण जबाबदारही कुणीच सापडलेला नसतो.

हा प्रसंग कल्पनेतला आहे. पण असा म्हातारा आपल्या गावात नाहीच, असे किती जणांना छातीठोकपणे म्हणता येईल?

सेवा हवीच, पण हिशेबही हवा

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. १०८ ची सेवा वाईट आहे, असे म्हणायचे नाही. महाराष्ट्रात ती २०१४ साली ९३७ रुग्णवाहिका घेऊन सुरू झाली, आणि तिच्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. त्याआधी खेड्यातला रोगी बैलगाडीतून नाहीतर दुधाच्या टेम्पोतून जात होता, हे विसरून चालणार नाही. पण ही सेवा सरकारने स्वतः न चालवता कराराने खाजगी कंपनीकडे दिली. पैसा सरकारी, म्हणजे तुमचा-आमचा. फोन करणारे आपण, गाडीत पडणारे आपण. करार मात्र सरकार आणि कंपनी या दोघांतला! त्यात काय लिहिले आहे, हे गावात कुणालाच ठाऊक नसते.

अशा करारात साधारणपणे सगळे लिहिलेले असते. गाडी किती वेळात पोहोचली पाहिजे, गाडीत कोणती औषधे आणि उपकरणे असली पाहिजेत, गाडी बंद पडली तर काय करायचे, चूक झाली तर कंपनीच्या बिलातून किती कापायचे. फोन कधी आला, गाडी कधी सुटली आणि कधी पोहोचली, याची नोंदही नियंत्रण कक्षात होते. म्हणजे आपल्या म्हाताऱ्याच्या तक्रारीचा पुरावा आधीपासून तयार आहे. फक्त तो त्याच्या हाती नाही.

दोन जुने धडे

पहिला धडा तेव्हा शेजारी असलेल्या आंध्राचा. १०८ ची सुरुवात तिथे २००५ साली झाली, ती सत्यम कॉम्प्युटर्सचे रामलिंग राजू यांनी उभ्या केलेल्या संस्थेमार्फत. पुढे चालवण्याचा बहुतेक खर्च सरकारी तिजोरीतूनच जाऊ लागला. जानेवारी २००९ मध्ये राजूंनी कंपनीच्या हिशेबातला घोटाळा कबूल केला, आणि रुग्णवाहिकांचे आता काय, हा प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षी दुसऱ्या उद्योगसमूहाने संस्था हाती घेतली म्हणून सेवा टिकली. घोटाळा कॉम्प्युटर कंपनीच्या वहीत, आणि जीव टांगणीला गावच्या रोग्याचा! मालक बुडाला तर सेवेचे काय, हे करार करतानाच विचारायचे असते.

दुसरा धडा पश्चिम बंगालचा. तिथला एक शेतमजूर १९९२ साली रेल्वेतून पडून जबर जखमी झाला. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी त्याला परत पाठवले. शेवटी खाजगी दवाखान्यात पदरचे पैसे मोडावे लागले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वेळेवर उपचार मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि पैसे नाहीत म्हणून सरकारला हात वर करता येणार नाहीत. त्या मजुराला पंचवीस हजार रुपये भरपाई मिळाली. याचा सरळ अर्थ असा की, काम ठेक्याने देता येते, कर्तव्य ठेक्याने देता येत नाही. "ती कंपनीची गाडी" हे सरकारी माणसाच्या तोंडी शोभणारे उत्तर नव्हे.

कायदा काय म्हणतो?

खाजगी कंपनीला माहितीचा अधिकार लागू नाही, असे सांगून अर्जदाराला वाटेला लावले जाते. हे अर्धेच खरे. कंपनीला थेट अर्ज करता येत नसेल, पण करार करणाऱ्या आरोग्य खात्याला करता येतो. करार, दिलेली बिले, केलेला दंड हे सारे खात्याच्याच दप्तरात असते. "व्यापारी गुपित" हे कारण पुढे केले जाईल. पण व्यापक जनहित असेल तर अशी माहितीही द्यावी लागते, असे त्याच कायद्यात लिहिले आहे. जनतेच्या पैशाने धावणारी रुग्णवाहिका किती वाजता पोहोचली, यात गुपित कसले?

हिशेब तपासणीचेही तसेच. खाजगी टेलिफोन कंपन्या सरकारला उत्पन्नाचा वाटा देतात, म्हणून त्यांचे हिशेब महालेखापरीक्षक तपासू शकतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. कंपनी सरकारला पैसे देते तिथे ही तपासणी असेल, तर सरकार कंपनीला पैसे देते तिथे ती अधिकच हवी.

गावाने काय करावे?

आपल्या राज्यात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्य सेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. जनसुनवाईत गावकरी बोलले आणि डॉक्टरांना, अधिकाऱ्यांना सर्वांसमोर उत्तरे द्यावी लागली. पण त्या मांडवात कंपनीची खुर्ची कुठे आहे? ती मांडायला लावली पाहिजे. कंपनीच्या जिल्ह्यातल्या माणसाने जनसुनवाईला हजर राहावे, ही अट करारातच हवी. कराराचा मराठी गोषवारा प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर हवा. दर महिन्याला तालुक्यातून किती फोन गेले, किती गाड्या वेळेत आल्या, किती आल्याच नाहीत, याचा तक्ता ग्रामपंचायतीला मिळायला हवा.

हे आपोआप होणार नाही. आपल्या गाव आरोग्य समितीने एक साधी वही घालावी. फोनची वेळ, गाडी आल्याची वेळ, रोग्याचे पुढे काय झाले, एवढेच लिहावे. तीन महिन्यांनी ती ग्रामसभेत वाचावी, ठराव करावा. आणि दहा रुपयांचे तिकीट लावून एक अर्ज आरोग्य खात्याला टाकावा. दीडशे शब्दांची मर्यादा आहे, पण "आमच्या तालुक्यातील रुग्णवाहिकांच्या वेळेच्या नोंदी आणि उशिराबद्दल केलेला दंड" एवढे मागायला दहा-बारा शब्द पुरतात. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.

कंपन्या येतील, जातील, ठेके बदलतील. रात्री दोन वाजता वस्तीवर वाट पाहणारी बाई मात्र आपल्याच गावची असेल. तिच्या सासऱ्याने चार दारे हिंडायची की एकाच दारी जाब विचारायचा, हे पुढच्या ग्रामसभेत आपण तोंड उघडतो की नाही, यावर ठरणार आहे.