गेमपॅड पुरतो, पण आधी तो लावून घ्या

विमान उडवायच्या सिम्युलेटरला हजारो रुपयांचं योक, म्हणजे वैमानिकाच्या हातातलं हँडल, आणि पायाखालची पेडल्स लागतात, ही समजूत आमच्या शहापूर-मुरबाडच्या मुलांच्या डोक्यातून आधी काढायला हवी. साधा यूएसबी गेमपॅड पुरतो. मात्र खोक्यातून काढून तसाच जोडला, की विमान धावपट्टी सोडताच कलंडतं आणि मुलं म्हणतात, "बाई, हे आपल्याला नाही जमायचं." त्यांचं काही चुकलेलं नसतं; गेमपॅडच लावून घेतलेला नसतो.

मी मुरबाड तालुक्यात विज्ञान शिकवते. फ्लाइटगिअर हा १९९७ पासूनचा सिम्युलेटर पूर्ण मोफत आहे, म्हणून मुलांना तोच दाखवते.

एका स्टिकवर एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा) आणि एलेरॉन (पंख झुकवणारे) घ्यावेत. स्टिक मागे ओढली की नाक वर यायला हवं. उलटं होत असेल तर तो अक्ष उलटा करायचा. मग अंगठा काढून बघायचं. वापरून सैल झालेली स्टिक शून्यावर न थांबता ०.०५ च्या आसपास रेंगाळते आणि कुणी हात न लावता विमान एका पंखावर झुकू लागतं. तेवढा भाग डेड झोनमध्ये, म्हणजे स्टिक हलली तरी विमानाला न कळणाऱ्या पट्ट्यात, टाकावा, पण बेतानं. डेड झोन जास्त झाला तर उतरताना लागणारी बारीक दुरुस्ती विमानापर्यंत पोचतच नाही.

खरी मेख संवेदनशीलतेत आहे. सेसना १७२ या छोट्या विमानाचं योक चांगलं वीतभर पुढे-मागे होतं, गेमपॅडची स्टिक मात्र अंगठ्याखाली जेमतेम सरकते. म्हणून मधल्या भागात प्रतिसाद मवाळ हवा. मुलांना मी घनाचा आलेख काढायला लावते: स्टिक निम्मी ढकलली तर एलेव्हेटर एक अष्टमांशच हलतो, पूर्ण ढकलली तर पूर्ण. फळ्यावरचा घन असा बोटाला कळला की तो विसरत नाहीत.

थ्रॉटल स्टिकवर ठेवूच नये. स्प्रिंग तिला मध्यावर आणते आणि इंजिन निम्म्या ताकदीवर येतं. दोन बटणांवर टप्प्याटप्प्यानं वाढ-घट ठेवावी. नाक डावी-उजवीकडे वळवणारा रडर ट्रिगरवर; स्टिक धरून न ठेवता विमान सरळ ठेवणारा ट्रिम डी-पॅडवर. विमान सरळ ठेवायला अंगठा सतत दाबून धरावा लागत असेल, तर ट्रिम लावलेला नाही असं खुशाल समजावं.

हे सगळं का, ते आमच्या डोंगरांकडे पाहिलं की समजतं. ७ जुलै १९६२ ला बँकॉकहून मुंबईला येणारं अलितालियाचं डीसी-८ जुन्नर भागातल्या डोंगरावर आदळलं. ९४ जण गेले. आपण मुंबईच्या जास्त जवळ आलो आहोत असं समजून वैमानिकानं लवकर उंची सोडली होती. माळशेज घाट चढला की जुन्नरच. सिम्युलेटरमधला भूभाग खऱ्या उंचीच्या मोजमापांवर बेतलेला असतो, त्यामुळे पूर्वेकडून मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाकडे येताना मुलं उंचीमापकावरची नजर हलवत नाहीत. तिथे अंगठ्याच्या एका हिसक्यानं नाक खाली गेलं, तर तो दोष सेटिंगचा की हाताचा, हे त्यांना सांगता आलं पाहिजे.

"शाळेत गेम कशाला?" असं मला विचारतात. वैमानिक होण्याचा खर्च लाखांत आहे, तो यानं कमी होत नाही, आणि तसं आमिष मी कुणाला दाखवत नाही. पण एखादं यंत्र आपल्या हाताला जुळेपर्यंत मोजून, बदलून, पुन्हा तपासून घेणं याला मी विज्ञानाचाच तास मानते, आणि तो आमच्या मुलांना फार कमी मिळतो.

मे महिन्यात संगणक कक्षांना कुलूप असतं. ते सकाळचे दोन तास उघडावं, टोकावडे आणि खर्डीकडच्या मुलांसाठी एसटीच्या वेळा बघून तास ठरवावेत, आणि पहिले दोन दिवस कुणाला विमान उडवू देऊ नये, नुसता गेमपॅड लावायला द्यावा.